हंड्याची गोष्ट आता पुरे

कविता राऊतवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण पाण्याच्या हंड्यापासून सुरुवात करतो. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा आहे. पाड्यावर पाणी नाही, डोंगर उतरून पाणी आणायचं, शाळेला अनवाणी चालत जायचं, त्यातून पाय घडले आणि त्या पायांनी देशाला पदक आणून दिलं. गोष्ट खरी आहे, पण ती ज्या चालीवर सांगितली जाते, त्या चालीबद्दल माझी तक्रार आहे. पाड्यावर पाणी नव्हतं हा राज्यकर्त्यांचा दोष होता. गोष्ट सांगता सांगता तो दोष पुसला जातो आणि टंचाईच जणू प्रशिक्षक होऊन बसते. ऐकणारा हळहळतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. त्याच वाटेवरून, तसाच हंडा घेऊन चालणाऱ्या बाकीच्या मुलींचं काय झालं, हे त्याच्या मनात येत नाही. त्यांचेही पाय तितकेच घडले होते. कविताच्या वाट्याला नाशिकमध्ये भारतीय खेळ प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग आले. बाकीच्यांच्या वाट्याला कुणी आलं नाही. फरक एवढाच होता, आणि तो फार मोठा होता.

तिने पुढे जे केलं ते साऱ्या महाराष्ट्राला पाठ असायला हवं. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक. राष्ट्रकुल स्पर्धांत धावमार्गावर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी धावमार्गावरचं आपलं वैयक्तिक पदक थेट १९५८ चं, कार्डिफचं, मिल्खा सिंगांचं. दिल्लीनंतर दीड महिन्यातच ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने याच अंतरात रौप्य घेतलं. सुवर्ण मिळवणारी प्रीजा श्रीधरन तिच्या पुढे होती ती जेमतेम सेकंदभर. २०१२ साली अर्जुन पुरस्कार, २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत अर्धमॅरेथॉनचं सुवर्ण आणि त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन.

आणि २०२४ साली याच कविता राऊतला जाहीरपणे सांगावं लागलं, की आपण आदिवासी आहोत म्हणूनच राज्य सरकारने आपल्याला नोकरी नाकारली. सरकारची बाजू काहीही असो, फाइल कोणत्या टेबलावर का अडलेली असो, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या खेळाडूला हे वाक्य उच्चारावं लागलं हीच मला गंभीर गोष्ट वाटते. ज्या मुलीची हंड्याची गोष्ट आपण शाळेशाळेत सांगितली, तिची नोकरीची गोष्ट आपण किती जणांना सांगितली?

मी परभणीचा. सावरपाड्याशी माझा तसा संबंध नाही. पण मैदानाच्या कडेला उभं राहून पोरांचे खेळ बघण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं, आणि त्यातही व्हॉलीबॉल बघण्यात. म्हणून हा प्रश्न मला माझ्या जिल्ह्यात आणून विचारायचा आहे. धावण्यातून आदिवासी मुलगी वर येऊ शकते, हे कविताने दाखवलं. मग सांघिक खेळातून, व्हॉलीबॉलसारख्या खेळातून, जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातला एखादा आंध आदिवासी मुलगा व्यावसायिक मैदानापर्यंत जायचा असेल तर काय काय लागेल? आणि तो गेलाच, तर त्याच्याकडून आपण काय मागायचं?

व्हॉलीबॉलच मी का धरला, याला कारण आहे. या खेळाचा एक नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. अडवणुकीचा म्हणजे ब्लॉकचा स्पर्श सोडला, तर एका खेळाडूला चेंडूला सलग दोनदा हात लावता येत नाही. तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे गेला पाहिजे, आणि त्यातला प्रत्येक स्पर्श आधीच्यापेक्षा वेगळ्या हाताचा पाहिजे. कितीही मोठा स्मॅशर असो, लिफ्टरने चेंडू उचलून दिल्याशिवाय तो उडी मारू शकत नाही. धावण्यात एकट्या मुलीची गोष्ट सांगता येते. व्हॉलीबॉलमध्ये ती सांगताच येत नाही. इथे आधी सहा जण लागतात, समोर दुसरे सहा लागतात, अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद सपाट जमीन लागते, दोन खांब आणि एक नेट लागतं, आणि ते नेट रोज संध्याकाळी त्याच जागी बांधलेलं लागतं. म्हणून एखाद्या भागातून व्हॉलीबॉलपटू निघतो तेव्हा त्या भागात काहीतरी व्यवस्था उभी आहे असं खुशाल समजावं. निघत नसेल, तर तिथल्या पोरांच्या पायांत दम नाही असं समजू नये.

दम आहे हे आपण सारे जाणतो. परभणी, हिंगोली, नांदेडच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाचला जा. भरतीसाठी धावणारी पोरं-पोरी दिसतील. परभणीच्याच ज्योती गवतेने २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला होता. गावोगावी रात्री दिवे लावून शूटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धा होतात. शूटर आणि नेटमन यांची नावं पंचक्रोशीत लोकांच्या तोंडी असतात. बक्षिसाची रक्कम गावातला कुणी हॉटेलवाला, कुणी सरपंच देतो. लोक पोती अंथरून मध्यरात्रीपर्यंत बसतात. खेळाची भूक जिल्ह्यात भरपूर आहे. पण हे शूटिंग ऑलिम्पिकच्या व्हॉलीबॉलहून वेगळं. त्यात नाव कमावलेल्या पोराला त्या नावावर पुढे जायला वाट नाही. त्याचा खेळ त्याच्या गावाच्या दिव्यांखाली सुरू होतो आणि तिथेच संपतो.

आता आदिवासींचं. परभणी जिल्ह्यात आदिवासी आहेत हेच पुष्कळांना माहीत नसतं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सव्वाअठरा लाखांच्या पुढे होती, आणि तीत अनुसूचित जमातींचं प्रमाण शेकडा दोनच्या आसपास. हा आकडा इतका लहान दिसण्यामागे नकाशाचाही हात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. कळमनुरी, औंढा नागनाथ हा आंध आदिवासींचा मोठा पट्टा तिकडे गेला आणि तिथे आज शंभरात नऊ-दहा माणसं अनुसूचित जमातींची आहेत. जिंतूर तालुक्यातल्या वाड्या मात्र परभणीत राहिल्या. डोंगर तोच, सोयरीक तीच, देव तेच, पण मधून जिल्ह्याची रेघ गेली. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय कळमनुरीला, त्याच्यावरचं अपर आयुक्त कार्यालय अमरावतीला, आणि क्रीडा अधिकारी परभणीला. प्रत्येक कार्यालयाच्या दृष्टीने जिंतूरचा हा मुलगा दुसऱ्या कुणाच्या तरी हद्दीतला.

शिवाय आंध समाज डोळ्यांना वेगळा दिसत नाही. तो शेती करतो, मराठी बोलतो, पेहराव शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखाच. पुण्या-मुंबईच्या माणसाला आदिवासी म्हटलं की तारपा, वारली चित्रं आणि मोहाची फुलं आठवतात. त्यात न बसणाऱ्या आदिवासीला आपलं आदिवासीपण शब्दांनी आणि कागदांनी सिद्ध करत बसावं लागतं.

समजा, असा एक मुलगा आहे. नववीत आहे, हात लांब आहेत, उडी चांगली आहे. आश्रमशाळेत शिकतो. राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि तितक्याच किंवा थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. त्यांच्या प्रकल्पस्तरीय, विभागीय आणि राज्यस्तरीय क्रीडा स्पर्धा होतात आणि त्यांत व्हॉलीबॉलही असतो. म्हणजे शिडी आहे. पण शिडीच्या प्रत्येक पायरीवर काय होतं ते बघू.

पहिली पायरी मैदानाची. जिंतूरच्या डोंगरात नऊ बाय अठराची सपाट, बिनदगडाची जागा सहज मिळत नाही. असलीच तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. स्पर्धेच्या आठवड्यात नेट बांधलं जातं आणि स्पर्धा झाली की गुंडाळून कपाटात जातं. चेंडू फाटेल म्हणून मुलांना दिला जात नाही. व्हॉलीबॉलचा हात रोजच्या शेकडो स्पर्शांतून तयार होतो. वर्षातून पंधरा दिवस चेंडू हाती लागणाऱ्या मुलाने रोज दोन तास सराव करणाऱ्याशी खेळायचं, आणि हरला की गुणवत्ता कमी पडली असं आपण म्हणायचं.

दुसरी पायरी ऊसतोडीची. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या पुढेमागे वरच्या फेऱ्या येतात. नेमका तेव्हाच साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. उचल घेतलेलं कुटुंब ट्रॅक्टरवर संसार बांधून पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतं. नववीतला लांब हातांचा मुलगा म्हणजे घराला अर्धा कोयता. वसतिगृहात राहणारा मुलगा वाचतो, पण धाकट्या भावंडांना सांभाळायला, जनावरं बघायला त्यालाच बोलावणं येतं. संघातला एक गेला की व्हॉलीबॉलचा संघ मोडतो. पाच जणांनी सामना कसा खेळायचा? धावपटू मागे राहिला तर एकटा मागे राहतो. इथे एका घराच्या उचलीपायी सहा मुलांचा हंगाम बुडतो.

तिसऱ्या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तिच्याबद्दल बोललं जात नाही. ती आहे कागदांची. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. २००५ च्या आणि पुढे २०१६ च्या शासन निर्णयांनी त्याचे नियम घातले. या मुलाने पुढे राज्यपातळीवर पदक मिळवलं, तर त्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील. आपण आदिवासी आहोत ही एक आणि आपण खेळाडू आहोत ही दुसरी. जमातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी समितीकडे, खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडे. पहिल्यासाठी पणजोबापर्यंतचे जुने पुरावे हवेत. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, जुनी दप्तरं उर्दूत आहेत, आणि पणजोबा शाळेत गेलेलाच नव्हता.

याहून कडवट बाब अशी, की हे दोन्ही कागद महाराष्ट्रात इतरांनी खोटे करून वापरले. बोगस आदिवासींचा प्रश्न जुना आहे. जमातीचं खोटं प्रमाणपत्र देऊन मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१७ साली स्पष्ट सांगावं लागलं. बोगस खेळाडूंचा प्रश्न अलीकडचा. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यात खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांचा घोटाळा उघडकीला आला. ट्रॅम्पोलिनसारख्या, गावाने कधी पाहिलेल्याही नसलेल्या खेळांची प्रमाणपत्रं दाखवून लोक नोकरीला लागले होते. परिणाम काय झाला? पडताळणी कडक झाली. व्हायलाच हवी होती. पण तिचा भार कुणावर पडला? खरा आदिवासी आणि खरा खेळाडू असलेल्या मुलावर तो दुहेरी पडला. ज्याने दोन्ही बाबतींत काडीचं खोटं केलं नाही, त्यालाच दोन्ही खिडक्यांपुढे संशयित म्हणून उभं राहावं लागतं. मला हा आपल्या राज्यातला सर्वांत उघड अन्याय वाटतो, आणि सर्वांत कमी चर्चेचाही.

यातून पार पडला, तर पुढे व्यावसायिक खेळ. भारतात व्हॉलीबॉलचा व्यवसाय म्हणजे आजवर मुख्यतः खात्याची नोकरी. रेल्वे, पोलीस, सेनादलं, तेल कंपन्या, आयकर खातं. खात्याचा संघ असतो, खेळाडू तिथे पगारावर असतो आणि सकाळ-संध्याकाळ सराव करतो. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे. जिंतूरच्या मुलाला खाकी वर्दी आणि व्हॉलीबॉल या दोन्ही गोष्टी एकत्र दिसण्याची सर्वांत जवळची जागा तीच. फ्रँचायझींच्या लीग अगदी अलीकडच्या. २०१९ साली प्रो व्हॉलीबॉल लीग झाली, तीत मुंबईचा संघ होता. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली आणि पुढच्या वर्षी तीत मुंबई मीटिऑर्स आला. हे सारे हंगाम पुरुषांचे. मुलाऐवजी जिंतूरची मुलगी असती, तर वाट इथेच बंद होती. कविता राऊतच्या महाराष्ट्रात ही गोष्ट विशेष बोचते.

कुणी म्हणेल, व्हॉलीबॉल उंच माणसांचा खेळ, आपल्याकडच्या पोरांना तो जमायचा नाही. हे अर्धंच खरं आहे. पुरुषांचं नेट दोन मीटर त्रेचाळीस सेंटिमीटरवर असतं, त्यामुळे स्मॅशर आणि ब्लॉकर उंच लागतात, हे कबूल. पण १९९८ पासून या खेळात लिबेरो आला. वेगळ्या रंगाचा सदरा घातलेला, फक्त मागच्या ओळीत खेळणारा बचावपटू. त्याला उंची लागत नाही. चपळाई, नजर आणि जमिनीशी दोस्ती लागते. डोंगरात वाढलेल्या पोराकडे ही तिन्ही असतात. पण त्याला कोर्टावर लोळण घ्यायला शिकवणारा कुणीतरी हवा, आणि लोळण घेता येईल अशी जमीन हवी. बोलणं परत तिथेच येतं.

आता व्यवस्था उभी राहिली की काय होतं, त्याचं उदाहरण. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यात सौनामारा नावाचं गाव आहे. हॉकीपटू दिलीप तिर्की तिथला. तीन ऑलिम्पिक खेळला, भारताचा कर्णधार झाला, चारशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने त्याच्या नावावर आहेत. त्याच जिल्ह्यातून इग्नेस तिर्की, लाझरस बारला, दीप ग्रेस एक्का आले. शेजारच्या झारखंडात सिमडेगा आणि खुंटीने हॉकीपटूंची रीघ लावली. निक्की प्रधान तिथली आणि भारतीय महिला संघाची कर्णधार झालेली सलिमा टेटेही तिथलीच. आदिवासींच्या रक्तातच हॉकी आहे, असं लोक कौतुकाने म्हणतात. मला ते कौतुक पटत नाही. सुंदरगडच्या मुलांना मिशनच्या शाळांनी आधी काठी आणि चेंडू दिला. पुढे पानपोश इथे सरकारी क्रीडा वसतिगृह उभं राहिलं, जिथे जेवण, शाळा आणि सराव एका आवारात होते. रांचीला बरियातूमध्ये मुलींसाठी हॉकीचं केंद्र निघालं. गावागावांत बकऱ्याच्या, कोंबड्याच्या बक्षिसावर सामने होत राहिले. दोन-तीन पिढ्या हे चाललं, तेव्हा रक्तात हॉकी आली. जानेवारी २०२३ मध्ये राउरकेलाच्या बिरसा मुंडा स्टेडियमवर पुरुषांच्या विश्वचषकाचे सामने खेळले गेले. वीस हजारांवर लोक बसतील असं ते स्टेडियम. आपल्या मराठवाड्यातल्या आदिवासी मुलांना असं एक जरी वसतिगृह मिळालं असतं, तर व्हॉलीबॉलही त्यांच्या रक्तात आला असता.

व्हॉलीबॉलचंच उदाहरण हवं असेल तर केरळचं घ्या. पेरावूरचा जिमी जॉर्ज १९८० च्या दशकात इटलीत जाऊन व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळला, तसा जाणारा पहिला भारतीय. तो काही एकटा उगवला नव्हता. घरात आठ भाऊ होते आणि सगळे खेळत. गावात कोर्ट होतं, आणि पुढे केरळ पोलिसांत नोकरी मिळाली. एकविसाव्या वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा तो अवचित नव्हता.

लेखाच्या सुरुवातीला एक प्रश्न टाकला होता. हा मुलगा वर आलाच, तर त्याच्याकडून काय मागायचं? आपली रीत अशी, की आदिवासी, दलित, भटक्या समाजातला कुणी पुढे गेला की त्याचा सत्कार करायचा आणि त्याच व्यासपीठावरून त्याला सांगायचं, आता समाजासाठी काहीतरी करा. अकादमी काढा, गरीब मुलं दत्तक घ्या, गावाला विसरू नका. ब्राह्मण किंवा मराठा घरातल्या क्रिकेटपटूला हे कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही. त्याने नुसतं खेळावं, जाहिराती कराव्यात, त्याला मोकळीक आहे. आदिवासी खेळाडूने मात्र खेळायचंही आणि सरकारने न बांधलेलं मैदानही बांधायचं. जे काम जिल्हा प्रशासनाचं, ते पंचविशीतल्या पोराच्या कृतज्ञतेवर ढकलायचं.

यावर माझ्या ओळखीतल्या कार्यकर्त्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ते म्हणतात, आपल्या माणसाने मागे वळून पाहिलं नाही तर आणखी कोण पाहणार? शहरात गेलेला मुलगा आडनाव बदलतो, जमात लपवतो, असं आम्ही पाहिलंय. त्यांचं दुःख खरं आहे. समाजाला आपल्या माणसाची गरज असते, त्याच्याकडे बोट दाखवून लेकरांना सांगता यावं लागतं. पण ज्यांनी मागे वळून खरोखर भरीव काम केलं, त्यांच्या आयुष्याचा क्रम बघा. दिलीप तिर्कीने ओडिशातल्या माओवादग्रस्त भागांत ग्रामीण संघांच्या हॉकी स्पर्धा भरवल्या, शेकडो गावांतली पोरं त्यांत खेळली. पण त्याआधी त्याच्या मागे एअर इंडियाची नोकरी आणि देशाचं कर्णधारपद होतं. त्या स्पर्धांच्या वेळी तो राज्यसभेत होता. ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी समाजातली कॅथी फ्रीमन २००० साली सिडनीत चारशे मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकली. दूरच्या वस्त्यांमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी तिने संस्था काढली ती २००७ साली, निवृत्तीनंतर. खेळत असताना तिने आपल्या लोकांसाठी काय केलं? १९९४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत जिंकल्यावर आपल्या समाजाचा झेंडा अंगावर घेऊन ती मैदानभर धावली. अधिकाऱ्यांनी तंबी दिली, तरी पुढच्या शर्यतीनंतर तिने तो पुन्हा घेतला. माझ्या मते ते संपूर्ण समाजकार्य होतं. त्याला वेगळी अकादमी लागली नाही.

आणि आपल्या जयपाल सिंग मुंडांना कसं विसरायचं? १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार. ऑक्सफर्डला शिकलेले, आयसीएसची चाकरी हॉकीसाठी सोडलेले. पुढे १९३९ मध्ये आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले आणि संविधान सभेत आदिवासींच्या हक्कांसाठी ताठ मानेने बोलले. खेळाने त्यांना जो आत्मविश्वास दिला, तो संविधान सभेपर्यंत गेला. पण त्यांच्याही मागे शिक्षण होतं, साधनं होती, आधार देणारी माणसं होती.

पैशाच्या बाबतीत मूळनिवासी खेळाडूंशी जग कसं वागलं, हे पाहायचं तर अमेरिकेच्या जिम थॉर्पकडे बघावं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णं जिंकली. दुसऱ्याच वर्षी ती काढून घेतली, कारण त्याआधी त्याने किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. खेळाचा मोबदला घेणं हा गुन्हा ठरला. मेल्यानंतर १९८२ साली ती पदकं परत दिली, पण इतरांबरोबर विभागून. एकटाच विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लिहिलं गेलं ते २०२२ साली. एकशे दहा वर्षांनी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आदिवासी खेळाडूला आधी त्याच्या खेळाचा पगार द्या, वेळेवर द्या, त्याच्या पदकाच्या योग्यतेचा द्या. समाजकार्य त्याच्याकडून मागू नका. ते तो करायचं तेव्हा आणि त्याच्या पद्धतीने करील. खात्याच्या संघातला एक आंध मुलगा सुटीत गावी येतो, संध्याकाळी देवळापुढच्या मोकळ्या जागेत पोरांबरोबर चार सर्व्हिस मारतो, त्याच्या बुटांकडे पोरं बघत राहतात. त्याच्या घरावर पक्कं छप्पर आलेलं सगळा गाव बघतो. त्याची बहीण ऊसतोडीला जात नाही, कॉलेजात जाते. एवढ्याने किती घरांचे बेत बदलतात, हे ज्याने खेडं पाहिलंय त्याला सांगायला नको.

महाराष्ट्राने स्वतः एकदा दाखवलंही आहे की मनावर घेतलं तर काय होतं. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ या मोहिमेत मुलांची निवड झाली, महिनोन्‌महिने प्रशिक्षण झालं, साहित्य दिलं गेलं, आणि मुलं गेली. एव्हरेस्टसाठी ही तजवीज करता येते, तर व्हॉलीबॉलच्या नेटसाठी का येऊ नये? शिखरावर पाच मुलं जातात आणि फोटो निघतो. नेट मात्र पन्नास मुलांना दहा वर्षं पुरतं.

मागणी मोठी नाही. जिंतूर तालुक्यात किंवा कळमनुरी-औंढ्याच्या पट्ट्यात एक निवासी व्हॉलीबॉल केंद्र, मुलांचं आणि मुलींचं. ते परभणीच्या हद्दीत असो की हिंगोलीच्या, दोन्हीकडच्या मुलांना खुलं. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत ते बंद राहता कामा नये, उलट तेव्हाच ते भरलेलं असावं. तिथे पगारी, कायम प्रशिक्षक असावा. जमातीची आणि खेळाची, दोन्ही पडताळण्या मुलगा दहावीत असतानाच शाळेच्या पुढाकाराने पूर्ण व्हाव्यात, म्हणजे विशीत नोकरी दारात असताना तो कागदांमागे धावणार नाही. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनी १९९६ पासून चालल्या आहेत, आदिवासी उपयोजनेचा निधी दरवर्षी येतो. नवीन कायदा लागत नाही, नवीन खातं लागत नाही.

परभणीचे आणि हिंगोलीचे जिल्हा नियोजन समितीचे सदस्य हे वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे. येत्या वार्षिक आराखड्यात या केंद्रासाठी एक ओळ घाला. आणि ती घालताना कविता राऊतचं उदाहरण देणार असाल, तर हंड्याबद्दल बोलू नका. विजेंदर सिंगांबद्दल बोला.